गंजलेली पट्टी कोणाची?
(रोमन आणि ब्रिटिश तलवारी व म्याने ओळखण्याचा एक छोटा अभ्यास)

समजा तुमच्यासमोर टेबलावर लोखंडाची एक पट्टी ठेवली आहे. लांबी साठ सेंटिमीटरच्या आसपास. गंजाने फुगलेली, कडा झिजलेल्या, एका टोकाला मातीचा गोळा चिकटलेला. इंग्लंडमधल्या एका शेतात सापडली, एवढीच माहिती दिली आहे. प्रश्न एका ओळीचा : ही तलवार रोमन सैनिकाची की ब्रिटनमधल्या मूळ टोळीवाल्याची? मार्क्स दहा.

मेकॅनिकलवाले लगेच व्हर्नियर काढतील. मेटलर्जीवाले तुकडा कापून पॉलिश करायला धावतील. सिव्हिलवाले म्हणतील, आधी माती तर काढा! थांबा. या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट केलीत तर दहापैकी सात मार्क तिथेच गेले. का, ते पुढे येईलच.

आधी थोडी पार्श्वभूमी. सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने ब्रिटनवर स्वारी केली ती इ.स. ४३ मध्ये. त्याआधी तिथे अनेक टोळ्यांची राज्ये होती. लोहारकाम उत्तम, ब्राँझचे काम तर विचारूच नका. त्यांची कला युरोपात ज्याला 'ला तेन' शैली म्हणतात त्या घराण्यातली, पण ब्रिटिश कारागिरांनी तिला आपले वळण दिलेले. रोमन लोक तिथे पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे राहिले. म्हणजे इ.स. पहिल्या शतकात एकाच मातीत दोन्ही प्रकारच्या तलवारी पडत होत्या, आणि कधी कधी एकाच माणसाच्या हातातून दोन्ही गेल्या असतील. घोळ तिथेच आहे.

लांबीवर जाऊ नका

सर्वांत लोकप्रिय उत्तर असे : आखूड म्हणजे रोमन, लांब म्हणजे ब्रिटिश. याला जबाबदार एक मोठा माणूस आहे, इतिहासकार टॅसिटस. त्याचा सासरा अग्रिकोला हा ब्रिटनचा गव्हर्नर होता. इ.स. ८३ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये मॉन्स ग्रॉपियस येथे झालेल्या लढाईचे वर्णन करताना टॅसिटस सांगतो की शत्रूच्या तलवारी अवाढव्य आणि बिनटोकाच्या होत्या, म्हणून दाटीवाटीच्या लढाईत त्या निकामी ठरल्या. वर्णन झकास आहे. पण जावयाने लिहिलेल्या सासऱ्याच्या चरित्राला थोडा डिस्काउंट द्यावाच लागतो. प्रत्यक्ष सापडलेल्या बहुतेक ब्रिटिश तलवारींना व्यवस्थित टोक आहे, आणि अनेक तलवारी अजिबात अवाढव्य नाहीत. यॉर्कशायरमधल्या किर्कबर्न येथे १९८७ साली सापडलेली प्रसिद्ध तलवार मुठीसकट जेमतेम ७० सेंटिमीटर भरते.

उलट रोमन घोडदळाची 'स्पाथा' बघा. घोड्यावरून वार करायचा तर हात लांब पोचला पाहिजे, म्हणून पाते लांब. स्कॉटलंडच्या सीमाभागात न्यूस्टेड येथे जेम्स कर्ल यांनी १९०५ ते १९१० या काळात रोमन किल्ला खणला. तिथल्या पहिल्या शतकातल्या स्पाथांची पाती साधारण ६२-६३ सेंटिमीटर लांब आणि फक्त ३ ते ३.५ सेंटिमीटर रुंद आहेत. म्हणजे आपल्या टेबलावरची साठ सेंटिमीटरची पट्टी दोन्हीकडे बसते!

(जाता जाता : हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'ग्लॅडिएटर' लागला की सगळे जमतात. त्यातला काळ इ.स. १८० चा. त्या सुमारास आखूड ग्लॅडियसचे दिवस भरत आले होते आणि पायदळाच्या हातातही लांब तलवार येऊ लागली होती. पण पिक्चरला पिक्चर म्हणून सोडून द्यावे.)

पात्याचा आकार

लांबीपेक्षा आकार जास्त बोलतो. रोमन पायदळाच्या ग्लॅडियसचे दोन मुख्य प्रकार पाठ करून ठेवा. दोन्हींची नावे शोध जिथे लागला त्या गावांवरून पडली आहेत.

पहिला माइन्झ प्रकार. जर्मनीतल्या माइन्झ शहरावरून. पाते ४० ते ५५ सेंटिमीटर, मुठीजवळ रुंद, मध्ये किंचित कंबर घेतलेले, आणि पुढे लांबलचक निमुळते टोक. काही नमुन्यांत नुसते टोकच २० सेंटिमीटरपर्यंत जाते. हा पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला माल, म्हणजे स्वारीच्या वेळी सैनिकांनी जो कमरेला लावून आणला तो.

दुसरा पॉम्पेई प्रकार. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या गावावरून. इथे कंबर वगैरे काही नाही. दोन्ही धारा सरळ समांतर, आणि शेवटी आखूड त्रिकोणी टोक. ड्रॉइंग हॉलमध्ये पट्टी आणि सेटस्क्वेअर घेऊन दोन मिनिटांत काढता येईल असा आकार. रुंदी ४ ते साडेपाच सेंटिमीटर. शतकाच्या मध्यानंतर हाच चालला.

या दोघांमध्ये 'फुलहॅम' नावाचा एक मधला प्रकार आहे. धारा समांतर, पण मुठीजवळचा पसरटपणा आणि टोकाची लांबी माइन्झसारखी. लंडनमधल्या फुलहॅमजवळ थेम्स नदीत मिळालेल्या तलवारीवरून हे नाव पडले. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

ग्लॅडियसच्या पात्याचा आडवा छेद बहुधा शंकरपाळ्यासारखा असतो. ब्रिटिश पाते बहुधा मसुरीच्या डाळीसारखे, दोन्ही बाजूंनी हलके फुगीर, किंवा मधोमध कणा असलेले. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम दोनदा वापरला आहे. गंजाने पाते फुगले की शंकरपाळ्याची डाळ व्हायला वेळ लागत नाही.

आता मूठ. वर्कशॉपमध्ये फाईलच्या मागचा जो निमुळता भाग लाकडी मुठीत जातो, त्याला आपण टँग म्हणतो. तलवारीचेही तेच. रोमन ग्लॅडियसच्या टँगवर आधी लाकडी गार्ड, मग बोटे बसतील अशा खाचा पाडलेली हाडाची किंवा लाकडाची पकड, शेवटी गोल गोळा, आणि त्यावर छोटे बटण ठेवून टँगचे टोक ठोकून बसवलेले. गार्डच्या खाली धातूची पातळ चकती. ब्रिटिश मुठी शिंगाच्या, लाकडाच्या, त्यामुळे बऱ्याच कुजून गेल्या. हाती लागते ते धातूचे गार्ड. ते वाकदार असते, कारण पात्याचे खांदे उतरते असतात. ला तेन परंपरेत हे वळण घंटेच्या कडेसारखे दिसते आणि म्यानाचे तोंडही त्याच वळणाचे कापलेले असते. रोमन म्यानाचे तोंड सरळ.

किर्कबर्नची मूठ मात्र वाचली, आणि ती बघून आपल्या असेंब्ली ड्रॉइंगची लाज वाटावी. लोखंड, ब्राँझ आणि शिंग मिळून ३७ सुटे भाग, वर लाल काचेची सजावट. म्यान धरले तर सत्तरहून जास्त भाग. हे काम इ.स. पूर्व ३०० ते २०० च्या दरम्यानचे. सीएनसी नाही, लेथ नाही, ट्यूबलाइटही नाही. ज्याच्यासोबत ती पुरली त्या तरुणाच्या छातीत तीन भाले खुपसलेले होते.

पण मूठ आणि पाते एकाच घराण्याचे असतील असे धरून चालू नका. आपल्याकडे फिरंग म्हणतात तिचे पाते युरोपचे आणि मूठ इथली, हे ठाऊक आहेच. तसेच तिकडे. रोमन किल्ल्यांमध्ये देशी घाटाची गार्डे सापडतात. ती पकडलेली लूट होती, की रोमन फौजेत भरती झालेल्या स्थानिक घोडेस्वाराची आवड, हे गार्ड सांगत नाही.

खरी ओळख म्यानात

माझे मत विचाराल तर तलवारीपेक्षा म्यान जास्त प्रामाणिक असते. पाते हे काम करणारे यंत्र, त्याला भौतिकशास्त्र आकार देते. म्हणून सगळ्यांची पाती थोडीफार सारखी होतात. म्यान मात्र माणसाच्या अंगावर कसे लटकवायचे यावर ठरते, आणि ती सवय लोक सहज सोडत नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न : कड्या कुठे आहेत?

पहिल्या शतकातल्या रोमन म्यानावर दोन आडव्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांना एकेक कडी. एकूण चार. साधा रोमन सैनिक तलवार उजव्या बाजूला लावायचा, कारण डाव्या हातात ढाल. सेंच्युरियन मात्र डावीकडे. इंग्लंडमधल्या कोलचेस्टरला मार्कस फाव्होनियस फॅसिलिस नावाच्या सेंच्युरियनचे थडगे १८६८ साली मिळाले. त्याच्या दगडी शिल्पात तलवार डावीकडे आणि खंजीर उजवीकडे स्पष्ट दिसतो.

ब्रिटिश म्यानाला कड्या नाहीत. मागच्या बाजूला एकच उभा पूल असतो, ज्यातून पट्टा ओवायचा. युरोपातल्या ला तेन म्यानांत हा पूल तोंडाजवळ असतो. यॉर्कशायरकडच्या म्यानांत तो खाली सरकून मधोमध येतो. इतक्या खाली पूल असेल तर कमरेला तलवार नीट लटकणार कशी? गुरुत्वमध्य वर जातो आणि तलवार कलंडते. स्टॅटिक्सच्या पहिल्या धड्यातला प्रश्न. उत्तर त्याच भागात मिळालेल्या खडूच्या दगडाच्या छोट्या माणसांनी दिले. त्यांच्या पाठीवर तलवार कोरलेली आहे! तलवार पाठीवर बांधायची असेल तर पूल मध्येच हवा.

आता यात एक गुगली आहे. दुसऱ्या शतकात रोमनांनी चार कड्या सोडल्या आणि खांद्यावरून येणाऱ्या रुंद पट्ट्यासाठी म्यानावर एकच उभा पूल बसवायला सुरुवात केली. म्हणजे 'एक पूल म्हणजे ब्रिटिश' हे समीकरण फसले. पण रोमन पूल म्यानाच्या पुढच्या, दर्शनी बाजूला असतो. म्हणून म्यान उलटे करून बघितल्याशिवाय उत्तर लिहू नये.

टोकाकडेही लक्ष द्या. माइन्झ म्यानाच्या दोन्ही कडांवरून धातूची पन्हळ खाली येते आणि शेवटी एक गोंडा. पॉम्पेई प्रकारात टोकाला जाळीदार नक्षीची त्रिकोणी टोपी. नंतरच्या रोमन म्यानांना चंद्रकोरीसारख्या, पुढे गोल तबकडीसारख्या टोप्या. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिगांटीस टोळीच्या प्रदेशातली म्याने वेगळीच. स्टुअर्ट पिगट यांनी १९५० साली ब्रिटिश तलवारींचे गट पाडले तेव्हा चौथ्या गटाला 'ब्रिगांटियन' हेच नाव दिले. इयान स्टेड यांनी २००६ मध्ये सगळ्या ब्रिटिश तलवारी-म्यानांची मोठी सूची प्रसिद्ध केली. या विषयात काम करायचे तर ती हाताशी लागतेच.

नक्षीत फरक इतका की तो दहा फुटांवरून कळावा. रोमन म्यान बोलके असते : देव, सम्राट, गरुड, अक्षरे. माइन्झला १८४८ साली मिळालेल्या तथाकथित 'तिबेरियसच्या तलवारी'च्या म्यानावर सम्राट आसनावर बसला आहे आणि सेनापती त्याला विजयदेवतेची छोटी मूर्ती देतो आहे. ढालीवर 'फेलिकितास तिबेरी', म्हणजे तिबेरियसचे सुदैव, असे कोरलेले. आजच्या भाषेत पोस्टरबाजी. ब्रिटिश म्यानावर अक्षर नाही, माणूस नाही. नुसत्या वेली, वळणे, एकमेकांतून निघणारे वक्र, आणि मधूनच लाल काच.

मेटलर्जीवाल्यांची पाळी

लोखंड कापून 'हे रोमन' असे म्हणता येईल का? दुर्दैवाने नाही. रोमन ग्लॅडियसमध्ये उत्तम कडक धारेचे नमुने आहेत, तसेच पाण्यात न विझवलेले साधे मऊ लोखंडही आहे. ब्रिटिश तलवारींतही हीच सरमिसळ. ठेका दिला की मालाची क्वालिटी कमीजास्त होते, हे तेव्हाही होते. नंतरच्या काळात मात्र पिळलेल्या सळ्या एकत्र तापवून ठोकलेली पाती रोमनांकडे दिसतात. साउथ शील्ड्सच्या तलवारीत तशा पात्यावर एका बाजूला मार्स देव आणि दुसऱ्या बाजूला गरुड जडवलेला आहे.

खरी चाचणी लोखंडाची नाही, म्यानावरच्या पिवळ्या धातूची. स्वारीपूर्वीचे ब्रिटिश कारागीर मुख्यतः तांबे आणि कथील यांचे ब्राँझ वापरत. रोमनांनी पितळ आणले, म्हणजे तांबे आणि जस्त. जस्त ९०७ अंशांना उकळून वाफ होऊन उडून जाते, म्हणून ते नुसते तांब्यात टाकून चालत नाही. बंद मुशीत तांब्याचे तुकडे, जस्ताची कच्ची धातुमाती आणि कोळसा एकत्र तापवायचा. वाफ तांब्यातच मुरते. ही विद्या रोमन सैन्याच्या पुरवठ्यात सर्रास होती. त्यामुळे नक्षी अस्सल देशी, पण एक्स-रे फ्लुओरेसन्सवर जस्ताचे शिखर उंच दिसले, तर समजा की हा कारागीर बहुधा रोमन आल्यानंतर बसून काम करत होता, कदाचित रोमन भंगार वितळवून. न कापता, न खरवडता एवढे कळते.

आणि आता सुरुवातीचा मुद्दा. माती का काढायची नाही? लोखंड गंजताना शेजारच्या लाकडात, चामड्यात लोहाचे क्षार शिरतात आणि त्याचा हुबेहूब साचा होतो. लाकूड कुजते, रेषा राहतात. ज्याला आपण घाण समजतो त्या थरात म्यानाच्या लाकडाची जात लिहिलेली असते. म्हणून आधी एक्स-रे, मग सूक्ष्मदर्शक, आणि ब्रश सगळ्यात शेवटी. हेड्रियनच्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा येथे २०१७ साली रोमन घोडदळाच्या बराकीत तलवारी मिळाल्या. त्यातल्या एकीचे लाकडी म्यान शाबूत होते, कारण तो थर हवाबंद राहिला होता. असे नशीब क्वचित.

चुकले तर काय बिघडते?

सांगतो. उत्तर यॉर्कशायरमध्ये स्टॅनविक नावाची प्रचंड तटबंदी आहे. १९५१-५२ मध्ये तिथे मॉर्टिमर व्हीलर यांनी खोदकाम केले. हेच ते व्हीलर, जे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. दरवाज्याजवळच्या पाणथळ खंदकात त्यांना तलवार मिळाली, ॲश झाडाच्या लाकडाच्या म्यानासकट, त्यावर ब्राँझच्या पट्ट्या. जवळच घाव बसलेली कवटी. व्हीलर यांनी यावरून जोरदार गोष्ट रचली : ब्रिगांटीसांचा बंडखोर नेता व्हेनुशियस याने रोमनांविरुद्ध शेवटची झुंज इथेच दिली. तलवार देशी होती, ही ओळख बरोबरच होती. पण 'देशी तलवार म्हणजे रोमनांचा शत्रू' ही पुढची उडी होती. १९८० च्या दशकात तिथे पुन्हा उत्खनन झाले, आयात केलेली रोमन भांडी आणि काच निघाली, आणि चित्र पालटले. हे ठिकाण रोमनांशी सख्य ठेवणाऱ्या कार्टिमांडुआ राणीची राजधानी असण्याची शक्यता आज जास्त मानली जाते. ती व्हेनुशियसची बायको, आणि नंतर त्याची वैरी. तलवार तीच, म्यान तेच, मालक मात्र बदलला.

दुसरे उदाहरण साउथ केव्हचे, पूर्व यॉर्कशायर, २००२. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांना म्यानांसकट पाच देशी तलवारी आणि ३३ भाल्यांची पाती एका खड्ड्यात मिळाली. वर झाकण म्हणून काय? स्पेनहून ऑलिव्ह तेल आणणाऱ्या रोमन रांजणाची खापरे. काळ इ.स. ७० च्या आसपास, म्हणजे रोमन फौजा या भागात शिरत होत्या तेव्हाचा. इ.स. ४७ मध्येच गव्हर्नर ऑस्टोरियस स्कॅपुला याने संशयित टोळ्यांची हत्यारे काढून घेण्याचा हुकूम काढला होता आणि त्यावरून आयसीनी टोळीने बंड केले होते. मग साउथ केव्हचा खड्डा म्हणजे लपवलेली हत्यारे, की देवाला वाहिलेली? म्याने देशी आहेत म्हणून निदान हा प्रश्न तरी विचारता येतो. ती रोमन ठरली असती तर तो खड्डा एखाद्या छावणीचे भांडार म्हणून फाइलबंद झाला असता.

यात कायद्याचीही भानगड आहे. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली १ जानेवारी २००३ पासून साध्या धातूच्या दोन किंवा अधिक लोहयुगीन वा त्याआधीच्या वस्तू एकत्र मिळाल्या तर तो 'खजिना' ठरतो आणि संग्रहालयाला तो घेण्याची संधी मिळते. तशाच साध्या धातूच्या रोमन वस्तू त्यात बसत नव्हत्या. २०२३ मध्ये नियम वाढवून दोनशे वर्षांहून जुन्या, विशेष महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही आत घेतल्या, पण मधली वीस वर्षे म्यानाच्या एका पुलावर तलवार संग्रहालयात जाणार की बाजारात, हे ठरू शकत होते.

आता शेवटचे एक. सिली बेटांमधल्या ब्रायर बेटावर १९९९ साली शेतात दगडी कबर निघाली. इ.स. पूर्व पहिले शतक. आत ब्राँझच्या म्यानातली तलवार, ढाल आणि एक आरसा. तलवार देशी, यावर वाद नव्हता. वाद होता माणसावर, कारण तलवार पुरुषाची आणि आरसा बाईचा असे सगळे धरून चालले होते. हाडे जवळपास विरघळलेली, डीएनए मिळेना. २०२३ मध्ये दातांच्या कवचातल्या प्रथिनांची तपासणी प्रसिद्ध झाली. ती व्यक्ती स्त्री असण्याची शक्यता ९६ टक्के निघाली.